गजरबाईंचा प्रश्न आणि मास्तरांची बाही

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरला लागून, एक लांबट खोली आहे. भिंतींना फिकट हिरवा रंग, खिडक्या उंचावर, आणि ओळीनं लावलेल्या ट्रॉल्या. गुंगीचं औषध दिलेली माणसं काम झालं की इथे आणून ठेवतात आणि ती इथेच डोळे उघडतात. त्यांच्याकडे बघायला ज्या सिस्टर आहेत, त्यांना सगळं रुग्णालय गजरबाई म्हणतं. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण बाईंना ते पक्कं ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. त्यांच्या आधीच्या सिस्टरला लोक भोंगा म्हणायचे, त्या मानानं गजर बराच बरा.

आता या गजरबाई स्वतः घरी कशा उठतात ते विचारू नका. उशाशी घड्याळ कोकलून कोकलून गप्प बसतं, बाई कूस बदलतात. मग नवरा येऊन पाय हलवतो, खिडकी उघडतो, शेवटी चहाचा कप नाकाजवळ धरतो, तेव्हा कुठे एक डोळा उघडतो. "मीही रोज एक पेशंट शुद्धीवर आणतो," नवरा म्हणतो, "पण मला कुणी सिस्टर म्हणत नाही."

कामावर मात्र बाई तीक्ष्ण. गुंगीतून उठणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं ठाम मत आहे की तो लबाड असतो. मुद्दाम नसेल करत, पण लबाडी करतोच. नाव विचारा, धडधडीत सांगेल. नाव काय, झोपेतही सांगता येतं. वार विचारा, तोही सांगेल, कारण अमुक वारी तपासणी आहे हे घरच्यांनी आठवडाभर त्याच्या कानीकपाळी ओरडलेलं असतं. कसं वाटतंय म्हटलं तर "मस्त" म्हणेल आणि लगेच उशी पायात घालायला बघेल, चप्पल समजून. हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून नाव आणि वार झाले की त्या आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो ज्याच्या त्याच्या धंद्यातला असतो. बस चालवणाऱ्याला थांबे उलटे म्हणायला लावतात. सुताराला विचारतात, दार खाली घासतंय, काय करू? ज्या कामात जन्म गेला ते नीट सांगता आलं, म्हणजे डोकं ठिकाणावर आलं असं त्या धरतात. एकदा गणिताच्या शिक्षिकेला त्यांनी एकोणतीसचा पाढा विचारला. शिक्षिका म्हणाल्या, "तो मला शुद्धीत असतानाही येत नाही." तेव्हापासून बाई शहाण्या झाल्या. आत नेण्याआधी प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकून ठेवायचं, आणि जागं झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आधी या प्रकाराला हसायच्या. आता त्याच विचारतात, "सिस्टर, तुमचा पेपर काढून झाला का?"

अशा या खोलीत एका सकाळी टेलरमास्तर आले, आणि सोबत त्यांची बायको.

मास्तरांचं कोटाचं दुकान म्हणजे नावाजलेलं. पुढे काचेचं दार, आरसा, मास्तर आणि त्यांच्या गळ्यातली टेप. मागे पडदा, आणि पडद्याआड मशीन. बोलण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ते त्याला आपादमस्तक बघून घेत आणि पोट सुटलेल्या माणसालाही तो भारदस्त आहे असं वाटायला लावून पाठवत. ट्रॉली ढकलणारे मामा त्यांना बघून हरखलेच. "माझ्या मुलीच्या लग्नातला कोट यांनी कापलेला," ते बाईंना म्हणाले, "काय हात आहे माणसाचा." मास्तरांनी मान तुकवून ती स्तुती घेतली. बायको शेजारी पिशवी सांभाळत उभी होती.

पण हा उमदा माणूस सध्या कमरेत वाकून चालत होता. जांघेत हर्निया झाला होता. आतडं बाहेर येऊ बघायचं, मास्तर पट्टा आवळून त्याला आत ठेवायचे, आणि जरा वेळ उभं राहिलं की घामाघूम व्हायचे. उभं राहणं हाच ज्याचा धंदा, तो माणूस दुकानात बाकावर आडवा पडून गिऱ्हाइकाला "या, या" म्हणायला लागला होता. ऑपरेशन केलं की सुटका होती. घोडं अडलं होतं लिव्हरपाशी. तरुणपणी झालेली कावीळ अंगात मुरत राहिली आणि लिव्हर आतून कडक होत गेलं. लोकांना वाटायचं, पीत असणार. मास्तरांची मजल आयुष्यात सोड्यापुढे गेली नव्हती.

त्या दिवशी ऑपरेशन नव्हतंच. थोडी गुंगी देऊन, तोंडातून दुर्बीण घालून, अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का एवढं बघायचं होतं. पण डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं स्वच्छ सांगितलं.

"गुंगीचं औषध म्हणजे घरी आलेला पाहुणा समजा," त्या म्हणाल्या. "त्याला दारापर्यंत पोचवायचं काम लिव्हरचं. तुमचं लिव्हर थकलंय, ते उठायलाच वेळ लावणार. तोवर पाहुणा बसून राहणार."

"असले पाहुणे आमच्याकडे फार," मास्तर म्हणाले.

"तुमच्याच बाजूचे," बायको म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या, पण पुढचं त्यांनी हसून सांगितलं नाही. "म्हणून औषध मी नेहमीपेक्षा बरंच कमी देणार. तरी उठायला उशीर होईल, त्याची काळजी करू नका. काळजी वेगळीच आहे. थकलेल्या लिव्हरला रक्तातली घाण पुरती साफ करता येत नाही आणि ती डोक्यापर्यंत जाते. माणूस बोलतो, चालतो, पण डोकं गढूळ असतं. एरवी हे लपून राहतं, गुंगीनंतर उघडं पडतं. आज एवढ्याशा औषधानं तुमचं डोकं गढूळ झालं, तर मी ऑपरेशनला हो म्हणणार नाही. मग पट्टा बांधायचा आणि आतडं अडकू नये म्हणून जपत राहायचं."

मास्तरांनी कमरेचा पट्टा चाचपला. बायकोनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

गजरबाईंनी मग आपला पेपर काढला. नेमकं त्याच वेळी शेजारच्या ट्रॉलीवरच्या आजींना मळमळायला लागलं होतं, बाईंच्या एका हातात भांडं होतं, आणि मान मास्तरांकडे वळवून त्यांनी विचारलं, "मास्तर, कोटाच्या बाहीचा वरचा गोल मुंढ्याएवढाच, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या भोकाएवढाच कापायचा, का लहान, का मोठा?" बाईंची आई घरी शिवणकाम करायची, त्यामुळे एवढं त्यांना विचारता येत होतं.

"बाही ना," मास्तर म्हणाले, "बाही म्हणजे कोटाचा जीव. आता बघा, बाही जी असते..."

"मुंढ्याहून जरासा मोठा," बायको म्हणाली. "आणि ते जास्तीचं कापड शिवताना दोऱ्यावर जिरवायचं. चुणी दिसता कामा नये."

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि आजींकडे वळल्या. नवराबायको एकमेकांची वाक्यं पुरी करतातच. बाई स्वतः नवऱ्याला वाक्य सुरूसुद्धा करू देत नाहीत.

मास्तर आत गेले आणि फार वेळ न लागता बाहेर आले. दुर्बिणीतून दिसलेलं बरंच होतं. शिरा थोड्या फुगलेल्या, घाबरण्यासारखं काही नाही. आता फक्त जागं व्हायचं बाकी. त्यांच्यानंतर आत गेलेल्या आजी येऊन जाग्या झाल्या, दात मागून घेऊन बसवूनही घेतले, आणि त्यांच्यानंतरचा पोरसवदा कारकून उठून बिस्किटाची चौकशी करायला लागला. मास्तर आपले झोपलेलेच. बोटाला चिमटा, नाकाला नळी, श्वास संथ आणि नियमित. बाई दर थोड्या वेळानं खांद्यावर थोपटून हाक मारत होत्या आणि मास्तर "हं" म्हणून पुन्हा आत बुडत होते. दाराच्या काचेत बायकोचा चेहरा दिसत होता. बाईंनी तिला हातानं खूण केली, की हे होणारच होतं.

अखेर मास्तरांनी डोळे उघडले. नाव सांगितलं. वार सांगितला. बायको कुठाय म्हणून विचारलं. बाईंना हायसं वाटलं आणि त्यांनी आपला प्रश्न टाकला.

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गोल ना? लहान," ते म्हणाले. "लहान ठेवायचा आणि ओढून घ्यायचा."

बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "लहान," आणि वर "कापड वाचतं" असा खुलासा. बाईंनी डॉक्टरबाईंना बोलावलं.

डॉक्टरबाईंनी मास्तरांना दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगितले, रहदारी थांबवतो तसे. गढूळ डोक्याच्या माणसाचे पंजे असे धरले की मधेच गळून पडतात. मास्तरांचे पंजे पडले नाहीत, पण थरथरले. थंडीनं असेल, अशक्तपणानं असेल, नसेलही.

"नक्की सांगता येत नाही," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "नुसत्या हातांवर मी वाट बघितली असती. पण सिस्टर, तुमचं काय?"

बाईंना खोटं बोलता येईना. "मास्तर धंद्यातलं साधं चुकले," त्या म्हणाल्या. "दोनदा. सकाळी बरोबर सांगितलं होतं."

डॉक्टरबाईंनी सुस्कारा टाकला. रक्त तपासायला पाठवलं, रात्रभर ठेवून घ्यायचं ठरवलं, आणि मास्तरांच्या बायकोला, काकूंना, तुम्हीच सांगा म्हणाल्या. दुर्बिणीत एवढं चांगलं दिसलं आणि एका बाहीनं घात केला, याचं बाईंना फार वाईट वाटत होतं. पण खोटी आशा दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या बाहेर आल्या आणि बाकावर काकूंच्या शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. हातांची थरथर सांगितली, चुकलेलं उत्तर सांगितलं, ऑपरेशन बहुतेक होणार नाही हेही सांगितलं.

काकूंनी एकच विचारलं, "काय म्हणाले ते?"

"लहान ठेवायचा आणि ओढून घ्यायचा."

काकूंचा चेहरा असा झाला की हसू येतंय का रडू ते बाईंना कळेना. त्या बराच वेळ पिशवीच्या बंदाला पीळ देत राहिल्या. मामा रिकामी ट्रॉली घेऊन जवळून गेले. ते लांब जाईपर्यंत काकू थांबल्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "त्यांना ते कधीच येत नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कापतात कुठे ते? मी कापते." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. कात्रीची कडी जिथे बसते तिथे सुपारीएवढा घट्टा होता. "सकाळी उत्तर मीच दिलं ना. तुमचं लक्ष त्या आजींकडे होतं. मला वाटलं, झालं, निभावलं. पुन्हा तेच विचाराल हे मला काय माहीत?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. उत्तर पेशंटच्या तोंडून घ्यायचं, हा नियम त्यांचाच. आणि सकाळी त्यांनी ते भलत्याच तोंडून घेऊन मास्तरांच्या खात्यावर जमा केलं होतं.

काकू एकदा बोलायला लागल्या त्या थांबल्या नाहीत. दुकान टाकलं तेव्हा भारी कापड बाईमाणसाच्या कात्रीखाली द्यायला गिऱ्हाईक तयार नसायचं. मग ह्यांनी पुढे उभं राहायचं आणि काकूंनी पडद्याआड कापायचं, असं ठरलं. चार दिवसांसाठी म्हणून ठरलं आणि जन्मभर चाललं. लोक ह्यांना मास्तर म्हणायला लागले. ह्यांनाही ते आवडायला लागलं. "मलाही काही फार सलत नव्हतं," काकू म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "सलत होतं. पण घरातलं मूल शाळेत शेखी मिरवतं, तसं वाटायचं. आता हे बाहेर फुटलं तर त्यांची मान खाली जाईल. आणि नाही सांगितलं तर ऑपरेशन जाईल. तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं."

"केलंत तेच," बाई म्हणाल्या. त्यांनी काकूंचा तो घट्टा पडलेला हात धरला. एरवी त्या नातेवाइकांचे हात धरत बसणाऱ्यांतल्या नाहीत. "आता एवढंच सांगा, त्यांना स्वतःला काय येतं? जे फक्त त्यांनाच येतं असं काहीतरी."

काकूंना विचारच करावा लागला नाही. "माणूस बघता येतो," त्या म्हणाल्या. "टेप लावायच्या आधी त्यांना कळलेलं असतं. ते मला नाही जमत. ते सांगतात, मी कापते."

बाई आत आल्या. डॉक्टरबाईंना त्यांनी बाजूला घेऊन आपली चूक जशीच्या तशी सांगितली. डॉक्टरबाईंनी डोळे मिटले, खांदे हलले, आणि बाईंच्या ध्यानात आलं की त्या हसताहेत. "म्हणजे बिचाऱ्यानं अगदी बरोबर चुकीचं उत्तर दिलं," त्या म्हणाल्या. "थांबा मग. त्या पाहुण्याला अजून जरा वेळ देऊ."

वेळ दिला. मास्तरांना आणखी एक पांघरूण दिलं, पाणी पाजलं, उशी उंच केली. दुपार कलली, खिडकीतलं ऊन भिंतीवर खाली उतरलं. त्यांची नजर हळूहळू जागेवर येऊ लागली. मग गजरबाई त्यांच्या ट्रॉलीच्या पायथ्याशी जाऊन, हात बाजूला सोडून, ताठ उभ्या राहिल्या.

"मास्तर, मला कोट शिवायचाय. बघा बरं."

मास्तरांनी बघितलं. वरून खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. चेहऱ्यावर हलकेच ते दुकानातलं तेज आलं. "जरा तिकडे तोंड करा," ते म्हणाले. बाई वळल्या. "उजवा खांदा खाली आहे तुमचा. बोटभर. जन्माचा नाही तो, कामाचा आहे. जड ओढता रोज काहीतरी, उजव्या हातानं." मग ते जरा अडखळले. "आणि मान सारखी पुढे काढता. कुणाचा श्वास ऐकायला वाकल्यासारखी. डाव्या बाजूला आतून काही भरायचं नाही, उजव्या खांद्याला पातळशी गादी द्यायची. कोट अंगावर आला की कुणाला कळणार नाही."

ट्रॉल्या ओढून ओढून खांदा उतरलाय हे बाईंना स्वतःलाही माहीत नव्हतं. त्यांनी उगाचच मास्तरांचं पांघरूण सारखं केलं.

डॉक्टरबाईंनी पुन्हा पंजे उचलून धरायला लावले. पंजे स्थिर राहिले. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्टही ठीक आला. "लिव्हर मंद आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोकं मंद नाही. करू ऑपरेशन. त्या जागेपुरती भूल आणि झोपेचं औषध अगदी नावाला." रात्रभर ठेवायचं तेवढं त्यांनी कायम ठेवलं.

काकू आत आल्या तेव्हा मास्तर छताकडे बघत होते. "सांगितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

मास्तरांनी नजर छतावरून काढून बायकोकडे वळवली. मग म्हणाले, "तरीच मला मग माणूस बघायला लावला."

ऑपरेशनच्या सकाळी मास्तर पुन्हा त्याच ट्रॉलीवर होते. मामा ट्रॉली ढकलायला तयार उभे, आणि आपल्या कोटाचं कौतुक पुन्हा सुरू केलेलं, या वेळी नव्यानं रुजू झालेल्या एका सिस्टरला. गजरबाई आल्या, हातात या खेपेस भांडं-बिंडं काही नव्हतं.

"आज काय विचारणार?" मास्तर म्हणाले. "बाही सोडून काहीही विचारा."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "सोपं विचारते. तुमच्या दुकानात कोट कोण कापतं?"

काकू एकदम खिडकीकडे बघायला लागल्या. मामांना प्रश्नच कळला नाही, ते म्हणाले, "हा काय प्रश्न झाला?" मास्तरांनी मामांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "जागा झाल्यावर सांगतो."

उत्तर आधी ऐकून ठेवायचा नियम बाईंनी त्या दिवशी मोडला.

ऑपरेशन नीट झालं. रक्त फार गेलं नाही, टाके चांगले बसले. पण औषध नावाला दिलं तरी मास्तरांच्या लिव्हरनं आपला हिसका दाखवलाच. इतर जण येऊन उठून गेले आणि मास्तर निवांत झोपून राहिले. या खेपेला बाईंनी काकूंना आत बोलावून स्टुलावर बसवलं. काकूंनी नवऱ्याचा हात मांडीवर घेतला आणि त्या वाट बघत बसल्या. पाहुणा जाईल तेव्हा जाईल.

दुपारनंतर पापण्या हलल्या. डॉक्टरबाई आल्या, मामा दाराशी रेंगाळले. बाईंनी नाव विचारलं, ते आलं. वार आला. पंजे उचलून धरले, स्थिर राहिले. मग बाई वाकल्या.

"मास्तर, कोट कोण कापतं?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. काकू घाईनं म्हणाल्या, "राहू दे सिस्टर, दमलेत ते." पण मास्तरांचे ओठ हलले.

"ही," ते म्हणाले.

"ही कोण?"

"माझी बायको." आवाज खरखरीत होता, पण दारापर्यंत जाईल एवढा मोठा. "पहिल्या दिवसापासून. मामा, तुमचाही हिनंच कापला. मी माप सांगतो आणि बोलत बसतो."

मामा आ वासून उभे राहिले. डॉक्टरबाईंनी गजरबाईंकडे बघितलं. "पास?"

"पूर्ण शुद्धीवर आहेत," बाई म्हणाल्या.

काकूंनी घट्टा पडलेल्या अंगठ्यानं डोळे पुसले, एक पुसला आणि मग दुसरा. मास्तरांच्या छातीवरचं पांघरूण त्यांनी गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि त्याला चुणी पडली होती ती हातानं मोडली.

"हे दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणा," त्या म्हणाल्या, "मग मी म्हणेन शुद्धीवर आलात."

"म्हणतो," मास्तर म्हणाले. "पण पडदा तूच काढ. मला आता महिनाभर हात वर करायला मनाई आहे."